पडद्यावरचा ठिपका आणि हमीपत्रातील अट

दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणकांची सुपरिचित बाजारपेठ. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथील छपाई व छायाचित्रण व्यावसायिकही मॉनिटर घेण्यासाठी तेथे येतात. असा एखादा व्यावसायिक कर्ज काढून मॉनिटर घरी नेतो आणि पडदा काळा होताच मध्यभागी एक हिरवा ठिपका सतत चमकताना त्याला दिसतो. ‘एवढे चालतेच’ असे विक्रेता सांगतो. ग्राहकास ही फसवणूक वाटते. पुष्कळदा ती नसते, आणि खरी अडचण तीच आहे.

१९२० गुणिले १०८० क्षमतेच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा व निळा असे तीन उपघटक, म्हणजे एकूण ६२,२०,८०० उपघटक आणि प्रत्येकामागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर. त्यांतील एखादा बिघडला की तेवढा बिंदू कायम उजळलेला किंवा कायम काळा राहतो. एकही बिंदू सदोष नसलेलेच पडदे विकायचे ठरविले, तर किंमत बरीच वाढेल. म्हणून २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकाने पडद्यांचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गात एकही दोष मान्य नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम उजळ, २ कायम काळे आणि ५ उपघटक-दोष चालतात. वरील पडद्यास स्थूलमानाने याच्या दुप्पट. २००८ मध्ये या मानकाची जागा आयएसओ ९२४१ मालिकेने घेतली.

तथापि, आयएसओ मानक म्हणजे कायदा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोची अनिवार्य नोंदणीही मुख्यत्वे विद्युत सुरक्षिततेची आहे, ठिपक्यांची नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या कायद्याने आवश्यक केलेल्या दर्जाप्रमाणेच करारातील आणि विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जाचाही विचार करते. सबब, हमीपत्रात किती ठिपके क्षम्य मानले आहेत, यावरच बहुतेक निकाल अवलंबून राहतो. काही महागड्या मॉनिटरांना एका उजळ पिक्सेलसाठीही पॅनेल बदलून देण्याची हमी असते. स्वस्त मॉनिटरांच्या हमीपत्रांत सहसा अशी हमी आढळत नाही.

पैसे देण्यापूर्वीच ती अट वाचावी आणि शक्य असल्यास मॉनिटर दुकानातच सुरू करून काळा, पांढरा, लाल, हिरवा व निळा असे पाचही रंग पूर्ण पडद्यावर पाहावेत. काळ्या पडद्यावर उजळ ठिपका आणि पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच उठून दिसतो. मऊ कापडाने पुसून जातो, तो ठिपका धुळीचा. ‘एकही ठिपका नाही’ असे विक्रेता तोंडी सांगत असेल, तर ते बिलावर लिहून घ्यावे. पुढे तोच त्याचा दावा ठरतो. कर्जाचा हप्ता मात्र ठिपका असला तरी ठरल्या तारखेस भरावाच लागतो, कारण हमीचा करार उत्पादकाशी असतो, बँकेशी नव्हे.

हमीची अट मोडली गेल्यास प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे निभाव न लागल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. खरेदी दिल्लीत झाली असली, तरी नोएडाच्या रहिवाशास आपल्याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे.