मातीचा गोळा आणि बाळाचे डोळे

माझी नात सहा वर्षांची आहे. गेल्या ज्येष्ठात मी तिला घेऊन पेणला गेलो. पेणला गणपतीचे कारखाने पुष्कळ. एका कारखान्यात कारागीर शाडूची माती मळत होता. नातीने त्याला विचारले, “काका, या गोळ्याचं काय करणार?”

कारागीर म्हणाला, “अजून ठरलं नाही, बाय. सोंड करीन, हात करीन, नाहीतर उंदीर करीन.”

घरी येताना नात म्हणाली, “आजोबा, आईच्या पोटात बाळ आहे ना? त्याचे डोळे कोण करतो?”

मंडळी, मुलाने असे विचारले तर “गप्प बस” म्हणू नये. खरे तेच सोप्या शब्दांत सांगावे. मी असे सांगितले:

“घर विटांचे असते. तसे आपले शरीर पेशींचे असते. पेशी ही फार बारीक, पण जिवंत वीट. ती वाढते आणि एकीच्या दोन होतात. आईची एक पेशी आणि बाबांची एक पेशी एकत्र येतात. त्यांची एकच पेशी होते. तिथून बाळाची सुरुवात. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. पाच-सहा दिवसांत शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा होतो. तो खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. बाहेरच्या पेशींपासून पुढे वार तयार होते. आत थोड्या पेशींचा पुंजका असतो. त्यातून बाळ घडते. पण त्या वेळी कोणत्या पेशीने काय व्हायचे, हे ठरलेले नसते. मळलेल्या मातीसारखेच! पुढे कोणी डोळा होते, कोणी हाड, कोणी काळीज. अशा पेशींना मूळ पेशी म्हणतात.”

“मग त्यांचा कारागीर कोण?” नातीने विचारले.

“इथेच फरक आहे. मातीला कारागीर लागतो. पेशीच्या आत मात्र सगळ्या कामांचा लेख असतो. शेजारच्या पेशी तिला खूण करतात. मग ती आपले काम धरते. एकदा काम धरले की ती आपण होऊन मागे फिरत नाही. म्हणून तुझ्या हातावर डोळा उगवत नाही!”

नात खूप हसली.

आता मोठ्यांसाठी थोडे अधिक. डॉक्टर या पेशींना ‘स्टेम सेल’ म्हणतात. 1998 साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या गर्भातील अशा पेशी प्रथम काचेच्या भांड्यात वाढवल्या. आपल्या मुंबईत, परळच्या सरकारी संशोधन संस्थेनेही त्या वाढवल्या. ते काम 2009 साली प्रसिद्ध झाले. यासाठी कोणाच्या पोटातले बाळ काढून घेत नाहीत. मूल होत नसले, तर काही जोडप्यांचे गर्भ दवाखान्यात शरीराबाहेर तयार करतात. त्यांतले काही शिल्लक राहतात. जोडप्याने लेखी संमती दिली, तरच ते संशोधनाला घेता येतात.

हे ज्ञान मोठे आहे. पण त्याच्या नावावर फसवणूकही होते. रोह्याचा माझा एक जुना विद्यार्थी सातबारा घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या मुलाचे पाय जन्मापासून अधू. कोणीतरी त्याला सांगितले होते, “स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, पोरगा धावेल.”

तो म्हणाला, “गुरुजी, शेत विकू का?”

मी म्हणालो, “अरे, थांब. आधी नियम ऐक.”

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली याचे नियम छापले. रक्ताच्या काही आजारांत हाडातल्या मगजामधील मूळ पेशी देतात. तो उपचार मान्य आहे. त्या पेशी गर्भातल्या नव्हेत. त्या रक्तच तयार करतात. बाकी बहुतेक आजारांवर अजून परीक्षाच चालू आहेत. आणि परीक्षा चालू असेल, तर रोग्याकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. म्हणून जो आधी पैसे मागतो आणि वर खात्री देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

त्याने सातबारा पिशवीत ठेवला. मुलाला अलिबागच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे पायांचे व्यायाम शिकवले. पाय अजून अधूच आहेत. पण कुबड्या घेऊन मुलगा शाळेत जातो. शेतही घरचेच राहिले.

जाताना तो म्हणाला होता, “गुरुजी, पोराला काय सांगू?”

मी म्हणालो, “खरे तेच सांग. शास्त्रज्ञ खटपट करीत आहेत. औषध अजून हाती आलेले नाही. आले, तर आपण पहिले जाऊ.”

प्रश्न

1. मूळ पेशी कशाला म्हणतात?
2. माती आणि पेशी यांत फरक काय?
3. उपचारासाठी कोणी आधी पैसे मागून खात्री दिली, तर तुम्ही काय विचाराल?