हंसूं आणि हंसें

मराठींत ‘हंसूं’ आणि ‘हंसें’ असे दोन शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. हंसूं येतें; हंसें होतें. या दोहोंतील अंतर ज्या विद्यार्थ्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं क्षणभर पुस्तक मिटून झाडीपट्टीच्या नाटकाकडे वळावें.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यमय मुलखास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर येथें गांवोगांवीं मंडई भरते, सोयरेधायरे जमतात, आणि नाटकाचा मंडप उभा राहतो. वैनगंगेजवळचें वडसा हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें होय. रात्रीं सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चालतो. कथानक बहुधा असें कीं बायांचे पदर भिजावेत. ऐन रडण्याच्या वेळीं विनोदी नट येतो, उलटीसुलटी उत्तरें देतो, धडपडतो, आणि मंडप हंसूं लागतो. पंडित यास रसभंग म्हणतील, म्हणोत बापडे! रात्रभर दुसऱ्याचें दुःख पाहत बसण्याचें बळ त्या हंसण्यानेंच येतें.

हा नट पुष्कळदां झाडीबोली बोलतो. तिच्यांत ‘ण’ नाहीं. ‘पाणी’ तें ‘पानी’. तोच ‘पानी’ वर्गांत एखाद्या मुलाच्या तोंडून निघाला, कीं मागच्या बांकावर खसखस पिकते, आणि तो मुलगा पुढें आठवडाभर वाचावयास उभा राहत नाहीं. शब्द तोच, पण मंडपांत हंसणारेही घरीं ‘पानी’च म्हणतात. वर्गांत हंसणाराही बहुधा तेंच म्हणतो, फक्त तो तें लपवितो.

विदर्भाचेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहितांना हें मर्म ओळखलें होतें. रूढींची थट्टा करणारा सुदामा दुरून बोट दाखवीत नाहीं; बंडूनाना व पांडूतात्या यांच्याबरोबर तोही फजीत होतो.

गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांनीं झाडीपट्टीच्या रंगभूमीवर विनोदी भूमिकांनीं नांव मिळविलें. त्यांना २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली. पोरकटपणा म्हणून शहाणीं माणसें जिकडे पाठ फिरवीत, त्या कलेचा हा गौरव आहे, म्हणून आम्हांस त्याचें विशेष वाटतें.

स्नेहसंमेलनांत प्रहसन बसविणाऱ्या मुलांस आमची एक सूचना आहे. खेडुताचें सोंग घेणाऱ्यानें आधीं आपल्या आजोबांचें बोलणें नीट ऐकावें, आणि प्रयोगाच्या दिवशीं त्यांना आणून पुढच्या रांगेंत बसवावें.