कारखान्याची जमीन आणि कामगाराचे नाव : राजाजीनगरच्या निमित्ताने

१

बंगळूरच्या पश्चिम अंगाला वसलेले राजाजीनगर हे स्वातंत्र्योत्तर नियोजनाचे अपत्य होय. पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव या उपनगराला देण्यात आले आणि पत्त्यात त्याच्या जोडीला आणखी एक शब्दप्रयोग रूढ झाला : ‘इंडस्ट्रियल सबर्ब’, म्हणजे औद्योगिक उपनगर. या शब्दप्रयोगात एक संपूर्ण सामाजिक कल्पना सामावलेली होती. कारखाना शहराबाहेर फेकून द्यावयाचा नाही. कामगाराचे घर, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याचे रुग्णालय ही सर्व त्याच्या कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, ही ती कल्पना.

या उपनगराच्या मल्लेश्वरमकडील कडेला, आज डॉ. राजकुमार यांचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता. तेथे विजेच्या मोटारी तयार होत. त्या जमिनीवर आज उंच कार्यालयीन मनोरा, हॉटेल, निवासी इमारती, खासगी रुग्णालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेला मॉल उभा आहे. या स्थित्यंतराकडे पाहण्याच्या दोन रीती परिचित आहेत. एक अर्थशास्त्रीय : जमिनीला तिचे योग्य मोल मिळाले. दुसरी स्मरणरंजनाची : एक युग संपले. प्रस्तुत लेखाचा प्रश्न या दोहोंहून वेगळा आहे. कारखाना जातो आणि जमीन उरते, तेव्हा तेथे राबलेल्या माणसाची नोंद कोणत्या भाषेत शिल्लक राहते? आणि अशी नोंद असण्या-नसण्याचा सार्वजनिक धोरणाशी काही संबंध आहे काय?

२

प्रथम धोरणाचा प्रवास संक्षेपाने पाहणे आवश्यक आहे. १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण व लघुउद्योगांच्या संरक्षणाची दिशा आखली. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९५६ रोजी, औद्योगिक धोरणाचा ठराव जाहीर झाला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला. त्याच काळात देशभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या; राजाजीनगरची औद्योगिक वसाहत याच विचाराचे फळ होते. या कालखंडाच्या परिभाषेत जमीन हे साधन होते आणि उत्पादन हे साध्य.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील मोकळ्या जमिनीच्या मालकीवर मर्यादा घातली. हेतू न्यायाचा होता. अंमलबजावणी मात्र सवलतींच्या जाळ्यात अडकली. २४ जुलै १९९१ रोजी नव्या औद्योगिक धोरणाने बहुतांश उद्योगांसाठी परवाना-पद्धती संपुष्टात आणली. १९९९ मध्ये कमाल धारणा कायदा रद्द करणारा कायदा संसदेने केला. कर्नाटकाने तो लवकरच स्वीकारला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. या दोन टप्प्यांनंतर शहरातल्या जुन्या कारखान्याची जमीन हीच त्याच्या यंत्रसामग्रीहून मौल्यवान ठरू लागली. साधन साध्य बनले. मल्लेश्वरममध्ये राजा मिलच्या जागी झालेला मॉल हे याच प्रक्रियेचे दुसरे उदाहरण होय.

तथापि ही प्रक्रिया सर्वत्र सारखीच घडली असे समजणे चुकीचे ठरेल. म्हैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना याच परिसरात आजही चालू आहे आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो स्थानकाला त्याचेच नाव आहे. एकाच परिसरात एक कारखाना स्थानकाच्या नावात जिवंत राहतो आणि दुसऱ्याची खूणही नवख्या प्रवाशाला सापडत नाही. हा भेद मालकीच्या स्वरूपाशी निगडित आहे. परंतु तो केवळ तेवढाच नाही.

३

मराठीचा बंगळूरशी संबंध जुना आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात येथील दरबारात मराठी नांदत होती आणि जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्या दरबाराच्या बहुभाषिकतेची साक्ष देतो. विसाव्या शतकात मराठी येथे पुन्हा आली, ती उद्योगाच्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना निघाला आणि त्यानंतर पाच वर्षांनी बंगळूरचा.

या उद्योगसमूहाचे साहित्यिक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. नांगर आणि चरक बनविणाऱ्या वसाहतीतून १९२० मध्ये एक नियतकालिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याला पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ यांची जोड मिळाली. कारखान्याच्या आवारात जन्मलेल्या या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला उद्योग, विज्ञान आणि समाजसुधारणा यांची एक भाषा दिली. ती भाषा उद्यमशीलतेची होती. धडपड, काटकसर, हुन्नर, स्वावलंबन हे तिचे मूल्यवाचक शब्द. शंतनुराव किर्लोस्करांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे इंग्रजी आत्मचरित्रही याच परंपरेत बसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बंगळूरमध्ये औद्योगिक मराठी आली ती प्राधान्याने संस्थापकाची भाषा म्हणून. कारखान्यातील पाळीवर ऐकू येणारी बोली कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा दखनी असणे स्वाभाविक होते. म्हणजे ज्या भाषेजवळ कारखान्याविषयीचे मुद्रित साहित्य होते, ती यंत्रापाशी उभ्या असलेल्या बहुसंख्य माणसांची भाषा नव्हती. राजाजीनगरच्या औद्योगिक जीवनाचा मराठी आलेख अपुरा राहिला, त्याचे एक कारण येथे आहे.

४

मुंबईच्या गिरणगावात नेमकी याच्या उलट स्थिती होती. तेथे मराठी ही मुख्यतः कामगाराची भाषा होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी चाळ, खाणावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा आणि युनियन या संस्थांमधून एक दाट लोकजीवन निर्माण केले. भोंगा, पाळी, साचा, बदली, जॉबर हे शब्द केवळ कामाचे राहिले नाहीत; ते अनुभवाचे झाले. अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीला आणि नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाला ही भूमी मिळाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या पराभवानंतरच्या घराची कहाणी जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने सांगितली. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कथासंग्रहाचे शीर्षक वाचताना, मॉल झालेल्या फिनिक्स गिरणीची आठवण मुंबईकर वाचकाला टाळता येत नाही.

धोरणाच्या क्षेत्रातही गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न नामशेष झाला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे कल्पिले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती आकसली. पर्यावरणवादी संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य ठरविली. मोकळ्या जागेचा आणि श्रमिकाच्या घराचा असे दोन्ही प्रश्न येथे एकत्र आले होते, आणि दोन्ही एकत्रच हरले. तरीही गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी घरांच्या सोडती निघाल्या. घरे अर्जांच्या मानाने थोडीच आहेत. परंतु ‘गिरणी कामगार’ हे नाव शासनाच्या कागदावर टिकून राहिले.

साहित्यामुळे घरे मिळाली, असा भोळा निष्कर्ष कोणी काढू नये. कामगारांची संख्या, त्यांची संघटना, मतांचे राजकारण आणि त्या नियमाचा आधार ही कारणे निर्णायक होत. परंतु काम संपल्यावर तीन दशकांनीही एखादा समूह स्वतःला त्याच नावाने ओळखतो आणि इतरांना ओळखावयास लावतो, यामागे त्या नावाभोवती साठलेली स्मृती असते. ती स्मृती घडविण्यात कवितेचा, नाटकाचा आणि शाहिरीचा वाटा आहे.

राजाजीनगरला असे काही घडले नाही. बंगळूरला संघर्ष नव्हते असे नाही; १९८०-८१ मधील सार्वजनिक उद्योगांतील कामगारांचा दीर्घ संप प्रसिद्ध आहे आणि जानकी नायर यांनी या शहराच्या श्रमाचा इतिहास साक्षेपाने मांडला आहे. परंतु येथील किर्लोस्कर कारखान्याच्या बाबतीत गिरणगावासारखा एकच प्रलय आला नाही. कंपनी संपली नाही; तिचे उत्पादन अन्यत्र चालू राहिले. आघात जेव्हा विखुरलेला असतो, तेव्हा त्याला नाट्यरूप लाभणे कठीण असते. विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड कादंबरिकेत बंगळूरच्या एका कुटुंबाची मिळकत वाढते तसे घर कसे बदलते याचे मर्मभेदक दर्शन आहे. परंतु तेथे दृष्टी स्थिरावते ती घरावर, मिळकतीमागचे श्रम दूरच राहतात. नव्या बंगळूरचा हा प्रातिनिधिक दृष्टिकोन म्हणता येईल.

५

राजाजीनगरमध्ये जुन्या कल्पनेची एक वास्तू मात्र ठामपणे उभी आहे : कामगार विमा रुग्णालय. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उपचाराचा हक्क निर्माण केला. येथील रुग्णालयाला आता वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे. जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. मॉलमधील सुरक्षारक्षक, सफाई कामगार किंवा विक्रेती मुलगी यांपैकी अनेकांचे वेतन या मर्यादेच्या आत असणार, हे सांगावयास नको. म्हणजे कारखाना गेला तरी कामगार गेला नाही. तो त्याच जमिनीवर वेगळ्या गणवेशात उभा आहे.

मॉलच्या दाराशी दुचाकी थांबवून खाद्यपदार्थांचे पुडे नेणारा तरुण मात्र या चौकटीतही नीट बसत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगाराची कायदेशीर व्याख्या प्रथमच केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता इतर तीन श्रमसंहितांसह लागू झाली. व्याख्या झाली, परंतु मराठीत वा कन्नडमध्ये त्याच्यासाठी ‘गिरणी कामगार’ या तोडीचे, जिव्हाळ्याचे आणि आग्रहाचे नाव अद्याप घडलेले नाही. कायद्याने दिलेले नाव हक्काची पात्रता ठरविते. तो हक्क मागण्याचे बळ समाजाने दिलेल्या नावातून येते.

भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासापुढे येथे एक निश्चित कार्य आहे. संस्थापकांची मराठी आणि पाळीवरची कन्नड, तमिळ, तेलुगू व दखनी यांतील सामग्री, म्हणजे मासिके, आत्मचरित्रे, युनियनची पत्रके, मौखिक आठवणी, एकत्र ठेवून वाचली, तरच राजाजीनगरसारख्या उपनगराचा पूर्ण आलेख हाती येईल. कोणत्याही एका भाषेचा इतिहास त्याला पुरा पडणार नाही. जमिनीचा सातबारा महसूल खाते सांभाळते. श्रमाचा सातबारा कोणत्याच खात्याकडे नसतो. तो भाषांनीच सांभाळावयाचा असतो. आणि ज्यांच्या आठवणीत तो अजून शिल्लक आहे, ती पिढी आता वार्धक्याला पोचली आहे.