परदेशच्या सहलीचें अंदाजपत्रक

अंकगणिताच्या पुस्तकांत नळानें हौद भरण्याचीं व मजुरांकडून भिंत बांधविण्याचीं उदाहरणें पुष्कळ असतात. तीं सोडवून कोणाचा हौद भरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु २०२३ सालच्या गणेशोत्सवानंतर आमच्याच घरीं एक असें उदाहरण उभें राहिलें कीं, त्याचें उत्तर चुकलें असतें तर तें खोडरबरानें पुसतां आलें नसतें. तें येथें विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों.

प्रसंग असा. आमचे वडील बंधू, वहिनी, तेरा वर्षांची पुतणी व नऊ वर्षांचा पुतण्या यांच्या मनांत येत्या मे महिन्याच्या सुटींत परदेशीं जाऊन डिस्नेलँड पाहावें असें आलें. अमेरिकेंतील उद्यानें पल्ल्याबाहेरचीं. म्हणून टोकियोचें ठरूं लागलें. घरांतील मास्तर या नात्यानें हिशेबाची वही आमच्याकडे आली. आम्ही स्वतः सहलीस गेलों नाहीं हें आरंभींच सांगून टाकतों. पण घरीं राहणाऱ्यास आंकडे अधिक स्वच्छ दिसतात.

प्रथम या उद्यानांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण तेथील दरांचा इतिहास हाच अंदाजपत्रकाचा पहिला धडा होय. वॉल्ट डिस्ने यांचें पहिलें उद्यान कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. दाराशीं प्रौढांस एक डॉलर द्यावा लागे आणि आंतील प्रत्येक खेळाचे पैसे निराळे पडत. त्याच वर्षीं तिकिटांचीं पुस्तकें निघालीं. त्यांत ए, बी, सी अशा पायऱ्या होत्या. १९५६ सालीं डी आली आणि १९५९ सालीं ई. ई म्हणजे सर्वांत थरारक खेळ. या पद्धतींत एक मोठा गुण होता. कोणत्या गंमतीस काय मोल पडतें हें लहान मुलासही हातांतील पुस्तकाच्या जाडीवरून कळे. १९८२ सालीं हीं पुस्तकें बंद झालीं. एकदां प्रवेशाचे पैसे भरले कीं सर्व खेळ मोकळे झाले. म्हणजे पैशाचें बंधन गेलें, पण त्याच्या जागीं रांगेचें बंधन आलें. पुढें १९९९ पासून रांग टाळण्याचा फास्टपास विनामूल्य मिळूं लागला. हल्ली मात्र रांग टाळण्यास पुनः पैसे मोजावे लागतात. अर्थात् ई वर्गाचें तिकीट निराळें नांव घेऊन परत आलें आहे, असेंच आम्ही म्हणूं.

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजीं उघडलें. अमेरिकेबाहेरचें हें पहिलेंच. दिवसभराच्या पासाची किंमत तेव्हां ३,९०० येन होती. २०२१ पासून तेथें दिवसागणिक निराळा दर ठेवण्याची रीत पडली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती किंमत प्रौढांस ७,९०० ते १०,९०० येन, बारा ते सतरा वर्षांच्या मुलांस ६,६०० ते ९,००० येन आणि चार ते अकरा वर्षांच्या बालकांस ४,७०० ते ५,६०० येन अशी झाली. आमची वही उघडली गेली ती याच दरांवर.

बंधूंनीं एक प्रवासकंपनीचें रंगीत पत्रक आणलें होतें. त्यावर माणशी अमुक रुपयांपासून असें ठळक छापलेलें होतें. त्या 'पासून' शब्दाइतका महाग शब्द मराठींत दुसरा नसेल. तेवढ्यांत कोणतें जेवण, कोणता दिवस, कोणतें तिकीट येतें हें विचारल्यावर पत्रकाची पाठ कोरीच निघाली. शिवाय अशा पूर्ण सहलीचे पैसे भरतांना त्यावर कर आगाऊ वसूल होतो. तो पुढें आयकरांत वळता होतो हें खरें, पण तोंवर तेवढी रक्कम हातांतून गेलेलीच असते. तेव्हां सर्व व्यवस्था घरींच करावी असें ठरलें.

"काका, एकूण किती लागतील?" असें पुतणीनें पहिल्याच दिवशीं विचारलें. आम्ही तिला प्रश्न उलटा करावयास सांगितला: किती देतां येतील? ही अदलाबदल दिसावयास क्षुल्लक आहे; परंतु आमच्या मतें सारें अंदाजपत्रक तीवरच उभें असतें. किती लागतील असें विचारणारा मनुष्य इच्छांची यादी करतो व तिची बेरीज होईल तितके पैसे शोधीत फिरतो. किती देतां येतील असें विचारणारा आधीं रेघ ओढतो आणि मग इच्छा तिच्या आंत बसवितो. बंधूंची शिल्लक ७,४०,००० रुपये होती. त्यांतून जूनमधील शाळेच्या फीचे ९०,०००, आमच्या मातोश्रींच्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे ७०,००० आणि अडीअडचणीचे ८०,००० बाजूस काढले. राहिले पांच लक्ष. ती रेघ.

कर्ज काढून जाण्याचाही विचार कोणीतरी बोलून दाखविला. म्हणून वर्गांत करावा तसा हिशेब केला. समजा, शेंकडा १४ व्याजानें पांच लक्ष रुपये तीन वर्षांच्या हप्त्यांनीं घेतले. दरमहा सुमारें १७,०९० रुपये भरावे लागतात. एकूण फेड सुमारें ६,१५,२०० होते. म्हणजे दोन माणसांच्या विमानभाड्याहून अधिक रक्कम केवळ व्याजांत जाते. तेच पैसे आधीं सांचवावयाचे म्हटल्यास छत्तीस महिने १३,९०० पुरतात. हा हिशेब वाचून दाखविल्यावर कर्जाची गोष्ट पुनः निघाली नाहीं.

पहिलें अंदाजपत्रक चौघांचें होतें. १०० येनला त्या वेळीं ५६ रुपयांच्या आसपास पडत. आम्ही ६० धरले. २०२० सालीं हाच दर ७० च्या घरांत होता हें ठाऊक असल्यामुळें जरा वरचा आंकडा धरणेंच शहाणपणाचें वाटलें. विमानाचीं चार तिकिटें २,०८,०००. व्हिसा व विमा २०,०००. सहा रात्रींचा मुक्काम ७२,०००. जेवण व स्थानिक प्रवास ४३,२००. पुतणीस बारा वर्षें पुरीं झालेलीं असल्यानें विमानांत पूर्ण भाडें आणि उद्यानांत मधला दर. डिस्नेलँडला एक दिवस व २००१ सालीं त्याच्याच शेजारीं उघडलेल्या डिस्नेसी उद्यानास एक दिवस, मिळून ३७,२०० रुपये. रांग टाळण्याच्या पासाचे २८,८००. वर ४०,००० राखीव. बेरीज ४,४९,२००. पन्नास हजार खरेदीस मोकळे! मुलें नाचूं लागलीं.

त्या रात्रीं बंधू आमच्या खोलींत आले व म्हणाले, "आईला नेलें तर?"

मातोश्री तेव्हां बहात्तर वर्षांच्या होत्या. वहिनी नोकरी करीत असल्यानें दोन्ही मुलांस त्यांनींच वाढविलें. त्यांस विचारतां, "माझ्यावर कशाला पैसे घालतां, मी इथेंच बरी," हें अपेक्षित उत्तर आलें. त्यावर भरंवसा ठेवण्याचें कारण नव्हतें. कारण त्याच दिवशीं त्यांनीं शेजारणीपाशीं जपानांत थंडी किती असते याची चौकशी केल्याचें आम्हांस कळलें होतें.

पांचांचा हिशेब मांडला. विमान २,६०,०००, व्हिसा व विमा २५,०००. मुक्काम दोन खोल्यांचा, रात्रीस २४,००० येन, म्हणजे सहा रात्रींचे ८६,४०० रुपये. जपानांत कित्येक हॉटेलें खोलीमागें दर न सांगतां माणशी सांगतात, हें लक्षांत ठेवावें. जेवण व प्रवास ५४,०००. उद्यान एकच, एकच दिवस, ४०,००० येन, अर्थात् २४,००० रुपये. राखीव ४५,०००. बेरीज ४,९४,४००. उरले ५,६००. डिस्नेसी गेलें, खरेदी गेली, आणि रांगेचा पासही गेला.

दोन्ही पानें मुलांपुढें ठेवलीं. पुतण्या रुसून गच्चीवर गेला व रात्रीं जेवला नाहीं. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पुतणीनें मात्र पेन्सिल घेऊन एक प्रश्न काढला तो असा, कीं रांगेचा पास न घेतां खेळ किती होतील? प्रश्न उत्तम होता. तेथें २०२२ पासून मिळणाऱ्या या पासास एका खेळास माणशी १,५०० ते २,५०० येन पडतात. मध्यम २,००० धरले तर पांच माणसांस तीन खेळांचे ३०,००० येन होतात. आणि सर्वांत स्वस्त दिवशीं त्याच पांच माणसांचें दिवसभराचें प्रवेशमूल्य ३५,००० येन. तीन रांगा टाळण्यास जवळजवळ दुसऱ्या दिवसाचें मोल! त्यापेक्षां दार उघडण्याच्या आधीं तासभर जाऊन उभें राहावें, गर्दीचे खेळ पहिल्या दोन तासांत उरकावे आणि दुपारीं बसून पाहण्याच्या गोष्टी पाहाव्या, असें तिनें स्वतःच ठरविलें. दुसऱ्या दिवशीं भावास गच्चीवरून खालीं आणण्याचें कामही तिनेंच केलें. कसें आणलें तें आम्हांस सांगितलें नाहीं.

आतां दिवस निवडावयाचा. सर्वांत स्वस्त दिवशीं पांचांस ३५,००० येन, तर सर्वांत महाग दिवशीं ४७,३००. आमच्या दरानें ७,३८० रुपयांचा फरक केवळ तारखेनें पडतो. जपानांत २९ एप्रिल आणि ३, ४ व ५ मे या सार्वजनिक सुट्या लागून येतात. त्या काळास तेथें गोल्डन वीक म्हणतात, आणि सारा देश सहलीस निघतो. आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुटी नेमकी त्याच सुमारास सुरू होत असल्यामुळें उतावीळ कुटुंबें त्याच गर्दींत व त्याच महाग दरांत जाऊन पडतात. जूनच्या आरंभापासून तेथें पावसाळी दिवस लागतात. तेव्हां या दोहोंच्या मधला मेचा तिसरा आठवडा आणि त्यांतील मंगळवार नक्की केला. शनिवार-रविवार अर्थातच वर्ज्य.

जेवणाविषयीं वहिनींचा अनुभव उपयोगी पडला. बाहेरचें खाणें उद्यानांत नेतां येत नाहीं. मात्र दाराबाहेर बसून खाण्याची जागा राखलेली आहे, व पिण्याचें पाणी आंत फुकट मिळतें. मातोश्री शाकाहारी, आणि जपानी रश्शांत मासळीचा अर्क पुष्कळदां असतो. म्हणून चिवडा, भाजणी व दशम्या सामानांत गेल्या, आणि सकाळची न्याहारी खोलींत व दुपारचें जेवण त्या बाहेरच्या जागेंत असें ठरलें. मुलांस प्रत्येकीं ३,००० येन स्वतःच्या हातांत द्यावयाचे. ते पॉपकॉर्नच्या रंगीत डब्यावर घालवावे कीं परत आणावे, यांत कोणी बोलावयाचें नाहीं. दोघांचे मिळून ३,६०० रुपये.

येथें आमची चूक कबूल केली पाहिजे. एवढी वही लिहिली, पण पासपोर्टाची फी तींत धरलीच नव्हती. मुलांचे प्रत्येकीं १,००० आणि मातोश्रींचे, वयामुळें मिळणारी सूट वजा जातां, १,३५० मिळून ३,३५० रुपये लागले. उरलेल्या ५,६०० मधून ते वजा केल्यावर २,२५० राहिले व मुलांच्या पैशांत १,३५० ची तूट आली. ती आम्ही पदरची भरली. मास्तरांसही दंड होतो हें पाहून पुतण्यास फार आनंद झाला.

कार्डानें पैसे देतांना बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार घेतात, म्हणून रोजच्या खर्चाचे येन येथूनच चार ठिकाणीं दर विचारून घेतले. विमानतळावर एकही रुपया बदलावयाचा नाहीं अशी सक्त सूचना होती, व ती पाळली गेली.

मंगळवारीं तीं सर्व आठाच्या आधींच दाराशीं उभीं होतीं. दुपारपर्यंत पांच खेळ झाले. नंतर दोन खेळांस प्रत्येकीं तासाहून अधिक वेळ रांगेंत गेला, आणि एक खेळ रांग पाहून सोडावा लागला, त्याची हळहळ पुतण्यास अजून आहे. मातोश्रींसाठीं चाकांची खुर्ची भाड्यानें घेतली होती. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या नावेंत त्या दोनदां बसल्या. रात्रींची दिव्यांची मिरवणूक, जिचे निराळे पैसे पडत नाहींत, ती पाहतांना डाव्या डोळ्यानें दिवे जरा फुटल्यासारखे दिसतात, असें त्यांनीं प्रथमच सांगितलें. त्याही डोळ्यांत मोतीबिंदू धरूं लागला होता.

खुर्ची, दोनदां केलेली टॅक्सी व पुतण्याच्या पोटदुखीचें औषध मिळून राखीव रकमेंतून १४,००० गेले. प्रत्यक्षांत १०० येनला सरासरी ५५ पडल्यानें सुमारें साडेतेरा हजार वांचले. जूनमध्यें फी भरली. ऑगस्टमध्यें उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया राखून ठेवलेल्या पैशांतून झाली, आणि सहलीचे उरलेले ४४,५०० रुपये वहींत डाव्या डोळ्याच्या नांवें जमा करण्यांत आले.