शेत विकत घेणारी सुज्ञ स्त्री : केडगांवच्या मुक्तिसदनाचा इतिहास
(पाठ : नीतिसूत्रें ३१:१०–३१, उत्पत्ति ४१:२५–३६)

नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायांत सद्गुणी स्त्रीचें जें वर्णन आहे, त्यांतील तिच्या सूतकताईची व दानधर्माची आठवण आपल्या मंडळ्यांत वारंवार केली जाते. परंतु ती शेत पाहून, विचार करून तें विकत घेते व स्वकष्टाच्या मिळकतींतून द्राक्षमळा लावते, ह्या सोळाव्या वचनाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. दीनदुबळ्यांस हात देणारी ती हीच स्त्री होय. आणि देण्यासाठीं तिच्या हातांत कांहीं आहे, ह्याचें एक कारण तें शेत आहे. ह्या वचनाचा अर्थ आपल्याच महाराष्ट्रांत एका स्त्रीनें कसा करून दाखविला, हें ह्या पाठांत आपण पाहूं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. परंतु पुढें घरची मिळकत संपून हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरूं लागलें. १८७० नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण हीं सर्व उपासमारीच्या दिवसांतच गेलीं. भूक म्हणजे काय, हें ह्या बाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. त्या पुढें जें करत्या झाल्या, त्याचें मूळ येथें आहे.

१८८३ सालीं इंग्लंडांत वॉन्टेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें हिंदी विधवांच्या स्थितीविषयीं त्यांनीं व्याख्यानें दिलीं व पुस्तक लिहिलें. आणि १८८७ च्या अखेरीस बॉस्टन शहरांत त्यांच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झालें. ह्या मंडळानें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेण्यांत आलें.

वाचकहो, दहा वर्षें हा शब्द लक्षांत ठेवा. मदतीस मुदत होती, आणि ती रमाबाईंनीं विसरूं दिली नाहीं. मुदत संपल्यावर मुलींनीं काय खावें, हा प्रश्न त्यांनीं मदत चालू असतांनाच स्वतःस विचारला. फळबाग लावावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा त्यांनीं विचार केला. आज लावलेलें रोप चारपांच वर्षांवांचून फळ देत नाहीं, हें तुम्हां शेतकऱ्यांस सांगावयास नको. गरज पडेल त्या वर्षीं झाड लावून भागत नाहीं. तें आधीं लावावें लागतें. म्हणून १८९५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत, पुण्यापासून सुमारें ३५ मैलांवर, लोहमार्गावरील केडगांव येथें सुमारें १०० एकर जमीन घेण्यांत आली. मुलूख कमी पावसाचा. म्हणून विहिरी खोदून तेथें फळझाडें लावण्यांत आलीं.

झाडें अजून लहान होतीं तोंच १८९६ सालीं पाऊस गेला. मध्यप्रांतांत माणसें अन्नावांचून मरूं लागलीं आणि अनाथ मुली व तरुण विधवा ह्यांस फसवून नेणारे लोक गांवोगांव फिरूं लागले. हें ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारें ३०० मुलीबायकांस त्यांनीं आश्रय देण्याचें ठरविलें. इतक्यांत पुण्यांत प्लेगाची सांथ आली. शहरांत इतकीं माणसें एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. आतां त्या मुलींस न्यावें कोठें? शेत होतें, म्हणून ह्या प्रश्नास उत्तर होतें. बागेसाठीं घेतलेल्या त्या जमिनीवर तात्पुरता निवारा करून त्यांस ठेवण्यांत आलें. आणि १८९८ सालीं तेथें पक्क्या इमारतीचा पाया घालण्यांत आला. हेंच मुक्तिसदन. फळांसाठीं घेतलेलें शेत प्रथम आश्रयस्थान झालें. मनुष्य एक योजितो, आणि देव त्याहून मोठें कांहीं करितो.

पुढें १८९९–१९०० चा दुष्काळ गुजराथेंत पडला, तेव्हां तिकडूनहि शेंकडों मुली आल्या व केडगांवांतील संख्या सुमारें १,९०० झाली. येथें एक गोष्ट सरळपणें सांगितली पाहिजे. शंभर एकरांच्या उत्पन्नावर इतकीं माणसें पोसलीं जात नाहींत. देशोदेशींच्या विश्वासी जनांचीं दानें आलीं नसतीं तर मुक्तिसदन टिकलें नसतें. मग शेताचा उपयोग काय झाला? आम्हांस तीन उपयोग दिसतात.

पहिला असा कीं, शेतानें जागा व पाणी दिलें. पैसा दूरदेशाहून येऊं शकतो. विहीर मात्र येथेंच खोदावी लागते. दुसरा असा कीं, शेतानें काम दिलें. मुक्तींत मुली शिकत तशाच राबत. शेत व दुभतीं जनावरें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग तेथें चालत. जी मुलगी उपाशी आली ती भिक्षेकरी न होतां हाताला कसब घेऊन बाहेर पडावी, हा हेतु होता. पौल प्रेषित तंबू शिवीत असे (प्रेषितांचीं कृत्यें १८:३), हें आपण वाचतों. त्याच वचनाचा हा पाठ होय. तिसरा असा कीं, दान देणाऱ्यांस भरंवसा आला. जी संस्था स्वतः नांगर धरिते तिच्या हातीं पैसा देण्यास लोक कचरत नाहींत.

बाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें, आणि तें ह्याच ठिकाणीं मुक्तीच्या स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. १९२१ सालीं त्यांची कन्या मनोरमा वारली; ५ एप्रिल १९२२ रोजीं स्वतः रमाबाई प्रभूमध्यें झोंपी गेल्या; संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. आई व लेक दोघी गेल्या, तरी काम थांबलें नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आजहि केडगांवीं निराधार स्त्रिया व मुलें ह्यांचें पालन चालूं आहे.

आतां आपल्या गांवच्या मंडळीकडे वळूं. पाळकाचा पगार, शाळेचें छप्पर, विधवेचें धान्य, ह्यांपैकीं प्रत्येक गोष्टीसाठीं आपण बाहेरच्या पत्राची वाट पाहतों. वाट पाहणें पाप नव्हे. परंतु मदतीची मुदत न मोजणें हा अविचार होय. योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत कोठारें भरलीं. दुष्काळ सुरू झाल्यावर भरावयास धान्य कोठून मिळतें? ज्या मंडळीजवळ एक एकर पडीक आहे, तिनें तेथें चार झाडें लावावीं. जिच्याजवळ तेंहि नाहीं, तिनें घरटीं मूठभर धान्य बाजूला काढावें. मात्र जमीन मंडळीच्या किंवा विश्वस्तांच्या नांवें असावी, कोणा एकाच्या नांवें नसावी. आणि उत्पन्नाचा हिशेब दर हंगामीं सर्वांसमोर वाचावा. शेतानें जोडलेलीं मनें हिशेबाच्या आळसानें तुटतात, हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे.

उपदेशकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. सद्गुणी स्त्रीनें शेत घेण्यापूर्वीं काय केलें?
२. दहा वर्षांची मदत हातांत असतांना रमाबाईंनीं बाग लावण्याचा विचार कां केला?
३. शेत पुरें पडलें नाहीं, तरी तें व्यर्थ गेलें नाहीं. ह्याचीं तीन कारणें सांगा.
४. आपल्या मंडळीस मिळणारी बाहेरची मदत पुढल्या वर्षीं थांबली, तर गांवांतील कोणाच्या घरची चूल प्रथम विझेल? त्या घरासाठीं ह्या हंगामांत आपण काय पेरणार?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें देऊन थांबूं नये. मृग लागण्यापूर्वीं पंचांनीं एकत्र बसून तें लिहून ठेवावें, आणि सुगीच्या उपासनेच्या दिवशीं तो कागद पुन्हां उघडावा.