आधी अंतर मोज

सनद हातात आली, आता गोमतीनगरला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीत उभी राहशील. आमची उमर कैसरबागेतल्या जुन्या कोर्टात गेली. समुद्राच्या कायद्यात काम करायचंय म्हणालीस की इथले वकील हसतील, ‘लखनऊ में समंदर कहाँ, बिटिया?’ म्हणून विचारतील. हसू देत. वकिली शिकलेले मुंबईचे भातखंडे १९२६ साली या गावात संगीताचं कॉलेज उभं करून गेलेच ना! बाहेरची विद्या इथे रुजते, वेळ लागतो एवढंच.

तर पहिलं सांगणं. समुद्रावरचं पुस्तक उघडण्याआधी ह. रा. गोखल्यांनी संसदेत काय केलं ते बघ. मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद सोडून हा माणूस परत वकिलीत आला, १९७१ साली वायव्य मुंबईतून लोकसभेत गेला आणि १९७७ पर्यंत देशाचा कायदामंत्री होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल लागलं, मे १९७६ मध्ये ते निघायलाही लागलं. आपलं प्रादेशिक पाणी १९६७ पासून १२ सागरी मैल, म्हणजे जेमतेम २२ किलोमीटर. मग १६० किलोमीटरवरचं तेल कुणाचं? भूखंडमंचाखालची संपत्ती १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने केंद्राकडे आलेली होतीच, पण वरचं पाणी, मासे, उद्याची इतर साधनं? गोखल्यांच्या कारकिर्दीत मे १९७६ मध्ये चाळीसावी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २९७ नव्याने लिहिला गेला. ऑगस्टमध्ये सागरी क्षेत्रांचा कायदा आला, १९७६ चा ८० क्रमांकाचा. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांत समुद्राच्या कराराची बोलणी नुसती चालू होती. करार झाला १९८२ मध्ये, आपण त्याला मान्यता दिली १९९५ मध्ये. जग वाटाघाटी करत होतं तेव्हा आपल्या कायद्यात २०० मैलांचा आकडा छापून झाला होता.

हा कायदा छोटा आहे. एका बैठकीत वाचून होईल, पण एका बैठकीत वाचू नकोस. शेजारी कोरा कागद घे, किनाऱ्याची रेघ ओढ आणि एकेक आकडा मांड. १२ मैलांपर्यंत सार्वभौमत्व पूर्ण, परक्या जहाजाला फक्त निरुपद्रवी ये-जा. २४ मैलांपर्यंत देशाची सुरक्षा, परदेशी माणसांचा प्रवेश, आरोग्य, सीमाशुल्क आणि करांपुरते अधिकार. २०० मैलांपर्यंत तेल, वायू, मासे, वारा, लाटा यांच्यावर हक्क. जहाजं मात्र सगळ्यांची जाणार. कोकणात दुसऱ्याच्या जमिनीतलं आंब्याचं झाड आपलं असतं ना, तसं: फळ आपलं, वाट गावाची. म्हणून ‘ही जागा कुणाची’ असं अशिलाला विचारू नकोस. कशासाठी कुणाची, ते विचार.

आणि अंतर कुठून मोजायचं? कायदा ‘योग्य आधाररेषेपासून’ म्हणतो. त्या आधाररेषेचे अक्षांश-रेखांश सरकारने अधिसूचनेत काढले २००९ साली! कायदा वाचून थांबणाऱ्या वकिलाला हे कळतच नाही. अधिसूचना काढून टेबलावर ठेवायची सवय आत्तापासून लाव. मुंशीजी आणून देतील या भरवशावर राहू नकोस.

केरळजवळचा इटलीच्या नौसैनिकांचा खटला मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला वाचायला लावला. फेब्रुवारी २०१२, दोन मच्छीमार गोळीबारात गेले. जागा किनाऱ्यापासून साडेवीस मैलांवर. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की बारा मैलांच्या पलीकडे राज्याचा अधिकार पोचत नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावं. गोळीबार केरळच्या किनाऱ्यासमोरचा, तरी प्रश्न साडेआठ मैलांच्या फरकाचा झाला. राज्य की केंद्र, हा वाद समुद्रात शिरलेला दिसला की आकडा आधी मांड, भावना मग.

तेलाचंही तेच. १९५९ च्या पेट्रोलियम नियमांनुसार राज्याच्या जमिनीत तेल लागलं तर परवाना राज्य देत असे, केंद्राची मंजुरी घेऊन. समुद्राखाली असेल तर थेट केंद्र. म्हणून आसाम, गुजरातला जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मिळते, आणि मुंबईचं नाव लागलेल्या तेलक्षेत्राची महाराष्ट्राला मिळत नाही. यावर सभेत भांडायचं तर भांड. कोर्टात मात्र अनुच्छेद २९७ समोर येईल, त्याची तयारी ठेव.

आता जरा कडू. गोखल्यांचं कौतुक मी करतो ते त्यांच्या समुद्राच्या कामापुरतं. ज्या चाळीसाव्या दुरुस्तीने समुद्र देशाला दिला, तिच्याच शेपटाला नवव्या परिशिष्टाची भर होती. ६४ कायदे कोर्टाच्या हाताबाहेर नेले, त्यांत वृत्तपत्रांचा गळा दाबणारा १९७६ चा ‘आक्षेपार्ह मजकूर’ कायदाही होता. तो पुढे जनता सरकारच्या काळात काढावा लागला. बेचाळिसावी दुरुस्तीही त्यांनीच त्या वर्षअखेर संसदेतून नेली. १९७७ च्या निवडणुकीत राम जेठमलानींनी त्यांना त्यांच्याच मतदारसंघात हरवलं. मला त्याचं दुःख झालं नव्हतं. एखादं विधेयक चांगल्या कलमासाठी वाचायला घेतलंस तरी परिशिष्ट सोडू नकोस. पुष्कळदा खरं काम तिथेच उरकलेलं असतं.

राहिला पोटाचा प्रश्न. जहाजांच्या दाव्यांचा अधिकार २०१७ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या उच्च न्यायालयांना आहे. अलाहाबादला नाही, म्हणजे लखनऊ खंडपीठालाही नाही. तरी काम इथेच येतं. चिकनवाला, मुरादाबादचा पितळवाला, भदोहीचा गालिचेवाला, सगळ्यांचा माल जहाजाने जातो. गोव्याच्या एका कंपनीचा माल १९८४ मध्ये मुरगावहून एम. व्ही. एलिझाबेथ जहाजाने परस्पर नेला. तेच जहाज विशाखापट्टणमला लागलं तेव्हा आंध्रच्या उच्च न्यायालयाने ते अटकवलं, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. तेव्हा अशील तक्रार घेऊन आला की मालाच्या किमतीआधी जहाजाचं नाव विचार, पुढचं बंदर विचार, कधी लागणार ते विचार. त्या बंदराच्या उच्च न्यायालयातला एक भरवशाचा वकील ओळखीचा ठेव आणि वकालतनाम्यावर सही त्याच दिवशी घे. जहाज बारा मैल ओलांडून गेलं की अटकेचा अर्ज त्या कोर्टात चालत नाही.