मुष्टियुद्ध : घराघरांतून पडद्याआड

(खेळ मैदानात खेळला जातो, पण तो किती लोकांपर्यंत पोहोचावा, हे पुष्कळदा मैदानाबाहेर ठरते. अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या बाबतीत हे कसे घडले, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मुहम्मद अली हे नाव तुम्ही ऐकले असेलच. हा जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा या खेळाकडे कसा वळला, हे तुम्हांला ठाऊक आहे का ?

ही १९५४ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील लुइव्हिल शहरात बारा वर्षांच्या एका मुलाची सायकल चोरीला गेली. मुलाचे नाव होते कॅशियस क्ले. हाच मुलगा पुढे मुहम्मद अली झाला. रागाने लालबुंद होऊन तो तक्रार करायला गेला. चोर सापडला तर त्याला बदडून काढीन, असे तो म्हणू लागला. तक्रार ऐकणाऱ्या पोलिसाचे नाव जो मार्टिन. ते फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवत. आधी लढायला शीक, असा सल्ला त्यांनी कॅशियसला दिला.

याच मार्टिन यांचा लुइव्हिलच्या दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम होता. 'उद्याचे विजेते' असा त्याच्या नावाचा अर्थ. शहरातील शिकाऊ मुलांच्या लढती त्यात दाखवत. काही आठवड्यांतच कॅशियस त्या कार्यक्रमात लढला आणि जिंकला. लोकांनी ती लढत घरबसल्या पाहिली. त्यासाठी कोणालाही तिकीट काढावे लागले नाही.

आता थोडा विचार करा. कोणत्याही खेळाचे प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. पहिले पट्टीचे शौकीन. ते पदरमोड करतील, रात्र जागवतील. पण सामना चुकवणार नाहीत. दुसरे सहज पाहणारे. समोर खेळ दिसला तर ते थांबतात, दोन घटका पाहतात आणि आवडला तर पुन्हा येतात. ते खेळाच्या शोधात निघत नाहीत; खेळालाच त्यांच्यापर्यंत जावे लागते. मात्र आजचा सहज पाहणाराच उद्याचा शौकीन होतो. म्हणून कोणताही खेळ या दुसऱ्या प्रेक्षकाला विसरला, तर त्याची गर्दी हळूहळू ओसरते.

अमेरिकेत १९३९ सालीही मुष्टियुद्ध दूरचित्रवाणीवर दिसले होते. त्या वर्षी १ जून रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये मॅक्स बेअर आणि लू नोव्हा यांची लढत झाली. तेव्हा संच फारच थोडे होते. १९५० सालीसुद्धा शंभरांपैकी साधारण नऊच घरांत संच होता. पण १९६० पर्यंत ही संख्या ८७ च्या आसपास गेली.

या काळात दूरचित्रवाणीला मुष्टियुद्ध फार सोयीचे वाटले. त्याची कारणे सोपी होती. फुटबॉलचे मैदान मोठे, खेळाडू अनेक. लहानशा पडद्यावर चेंडू नीट दिसत नसे. मुष्टियुद्धाचे रिंगण मात्र छोटे आणि लढणारे दोघेच. एकदोन कॅमेऱ्यांत काम भागे. शिवाय तीन मिनिटांची फेरी झाली, की एक मिनिटाची विश्रांती. तेवढ्या वेळात जाहिरात दाखवता येई. दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीने शुक्रवारच्या लढती प्रायोजित केल्या आणि शुक्रवार रात्र व मुष्टियुद्ध हे समीकरणच झाले. आजोबा आणि नातू एकाच पडद्यासमोर बसू लागले.

म्हणजे सगळे चांगलेच झाले का ? नाही. अति तेथे माती म्हणतात, ते खोटे नाही. आठवड्यातून अनेक रात्री लढती दिसू लागल्या. घरात फुकट दिसते, मग गल्लीतल्या आखाड्याचे तिकीट कोण काढणार ? लहान लहान मुष्टियुद्ध मंडळे ओस पडली आणि बंद झाली. नवे मुष्टियोद्धे तर तेथेच तयार होत असत. तेथे ते हरत, शिकत आणि पुन्हा उभे राहत. दूरचित्रवाणीला हरणारा नको होता आणि जपून, डोक्याने लढणाराही फारसा नको होता. तिला हवा होता दणादण ठोसे मारणारा. त्यामुळे कच्ची मुले वेळेआधीच मोठ्या रिंगणात उतरू लागली. विहिरीतील पाणी उपसले जात होते. पण झरे बुजत चालले होते.

मग एक दुःखद घटना घडली. २४ मार्च १९६२ रोजी एमिल ग्रिफिथ आणि क्यूबाचा बेनी पॅरेट यांची लढत थेट दाखवली जात होती. बाराव्या फेरीत पॅरेट दोरांना टेकला. त्याच्यावर ठोशांचा वर्षाव झाला. तो शुद्धीवर आलाच नाही आणि दहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. हे सारे लोकांनी आपल्या घरात बसून पाहिले होते. या खेळाबद्दल अनेकांच्या मनात प्रश्न उभे राहिले. प्रेक्षक आधीच घटत होते. १९६४ साली दर आठवड्याचा तो कार्यक्रम बंद पडला.

मोठ्या लढतींनी तर वेगळीच वाट धरली. त्या घरी न दाखवता चित्रपटगृहांत, तिकीट लावून दाखवल्या जाऊ लागल्या. ८ मार्च १९७१ रोजी अली आणि जो फ्रेझर यांची लढत अशीच दाखवली गेली. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळाले. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. १९७४ साली अली आणि जॉर्ज फोरमन आफ्रिकेतील किन्शासा शहरात लढले. लढतीची वेळ कोणती होती, माहीत आहे ? पहाटे चारच्या सुमारास ! अमेरिकेतील प्रेक्षकांना ती रात्रीच्या सोयीच्या वेळी चित्रपटगृहांत पाहता यावी, हे त्याचे कारण. स्टेडियममध्ये जमलेल्या हजारो लोकांच्या झोपेपेक्षा दूरच्या प्रेक्षकांचे घड्याळ महत्त्वाचे ठरले.

तरीही दार पूर्ण मिटले नव्हते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पाच मुष्टियोद्ध्यांनी सुवर्णपदके जिंकली. लोकांनी ते घरी पाहिले आणि शुगर रे लेनर्ड हा हसतमुख तरुण सर्वांचा लाडका झाला. पुढच्याच वर्षी त्याची पहिली व्यावसायिक लढत सर्वांसाठी खुल्या वाहिनीवर दाखवली गेली. १९७८ साली त्याच ऑलिंपिकमधील लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले. ती लढतही लोकांनी घरी, विनामूल्य पाहिली. मुष्टियुद्धाचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले.

पुढे वर्गणी घेणाऱ्या वाहिन्या आल्या. नंतर प्रत्येक लढतीचे वेगळे पैसे घेण्याची पद्धत रूढ झाली. २ मे २०१५ रोजी फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत झाली. ती घरी पाहायला सुमारे १०० डॉलर मोजावे लागत. सुमारे ४६ लाख ग्राहकांनी ते मोजले. ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. आकडा ऐकून डोळे दिपतात; पण आता हिशेब करू. त्या वेळी अमेरिकेत दूरचित्रवाणी असलेली घरे अकरा कोटींहून अधिक होती. म्हणजे शंभर घरांतील साधारण चारच घरांनी ही लढत विकत घेतली. काहींनी मित्रांच्या घरी गर्दी केली असेल, हे खरे. पण उरलेल्या असंख्य घरांतील मुलांचे काय ? त्यांच्यासाठी ती लढत झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मुष्टियोद्धा जिवावर उदार होऊन लढतो आणि त्याची कारकीर्द छोटी असते. त्याला चांगले पैसे मिळालेच पाहिजेत. म्हणून पैसे घेणे हा गुन्हा नव्हे. लोकप्रियता घटण्याला इतरही कारणे आहेत. एकाच वजनगटात चार-चार संघटनांचे चार विजेते असतात. नवख्या माणसाला खरा विजेता कोण हेच कळत नाही. पण जो खेळ वर्षानुवर्षे कुलपात राहतो, त्याची ओळख पुढच्या पिढीला होत नाही. अनेक दशके लढती दाखवणाऱ्या एचबीओ या वाहिनीने २०१८ च्या अखेरीस मुष्टियुद्ध बंद केले. शोटाइम या वाहिनीनेही २०२३ च्या अखेरीस तेच केले.

मग केवळ दार उघडले म्हणजे झाले का ? तेही नाही. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने ५८ वर्षांच्या माइक टायसनची लढत दाखवली. त्यासाठी नेहमीच्या वर्गणीखेरीज वेगळे पैसे नव्हते. जगभरातील सहा कोटी घरांत ती पाहिली गेली, असे त्या कंपनीने सांगितले. पण लढत रंगली नाही. स्टेडियममधील लोकांनी आरडाओरडा करून नापसंती दाखवली. मात्र त्याच रात्री, त्याआधी, केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोघींची दहा फेऱ्यांची झुंज झाली. टायसनच्या नावाने आलेल्या कोट्यवधी लोकांनी ती सहज म्हणून पाहिली आणि ते थक्क झाले. जुलै २०२५ मध्ये त्या दोघी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा लढल्या. त्या रात्रीच्या सर्व लढती स्त्रियांच्याच होत्या !

खेळ सर्वांना दिसावा, हा विचार आपल्या देशातही झाला आहे. २००७ साली भारतात एक कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे, असे तो सांगतो. ज्याच्या घरी वर्गणीची वाहिनी नाही, त्यालाही तो सामना पाहता यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

मित्रांनो, या सर्व हकिकतीतून काय दिसते ? फुकटचा अतिरेक झाला, तेव्हा खेळाची मुळे सुकली. दार बंद झाले, तेव्हा नवी पालवी फुटेना. कमाई आणि प्रसार यांचा मेळ घालणे, हेच खरे कौशल्य आहे. पुढच्या वेळी तुम्ही एखादा सामना पाहाल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा सामना मला कोणी दाखवला ? त्याचे पैसे कोण देतो ? आणि तो पाहायला कोणाला मिळाला नाही ? कदाचित त्या न पाहिलेल्यांतच एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जिला केवळ एक लढत पाहायला मिळण्याचीच गरज होती.

शब्दार्थ

मुष्टियुद्ध – बॉक्सिंग. शौकीन – आवड असणारा. पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे. प्रायोजित करणे – जाहिरातीसाठी कार्यक्रमाचा खर्च उचलणे. ओस पडणे – रिकामे होणे. वर्गणी – ठराविक मुदतीने द्यायची रक्कम. प्रक्षेपण – कार्यक्रम दूरवर पोहोचवणे. अतिरेक – प्रमाणाबाहेर होणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुहम्मद अलीचे आधीचे नाव काय होते ?
(आ) दर आठवड्याचा मुष्टियुद्धाचा कार्यक्रम कोणत्या साली बंद पडला ?
(इ) २००७ च्या कायद्याचा हेतू काय आहे ?

२. कारणे द्या.
(अ) सुरुवातीच्या दूरचित्रवाणीला मुष्टियुद्ध सोयीचे वाटले.
(आ) किन्शासा येथील लढत पहाटे झाली.
(इ) लहान मुष्टियुद्ध मंडळे बंद पडली.

३. 'पट्टीचे शौकीन' आणि 'सहज पाहणारे' यांतील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळे दिपणे, जिवावर उदार होणे, ओस पडणे.

५. तुम्हांला आवडणारा खेळ तुम्ही प्रथम कोठे पाहिला ? आठ ओळींत लिहा.